गिऱ्हाईक एकटें येत नाहीं



अर्थशास्त्राच्या जुन्या ग्रंथांतून एक गृहस्थ वारंवार भेटतो. त्याला नांव नाहीं, गांव नाहीं, बायको नाहीं, भाऊबंद नाहींत. ठराविक पैसे घेऊन तो बाजारांत येतो, कोणत्या वस्तूपासून आपणांस किती सुख होईल याचा मनाशीं हिशेब करतो, तो हिशेब भावाशीं ताडून पाहतो, आणि जेथें सुख अधिक व खर्च थोडा तेथें पिशवीचें तोंड सोडतो. या गृहस्थाची ओळख मीं महाविद्यालयांतल्या मुलांना तीस वर्षें करून दिली. परंतु खरें सांगावयाचें तर अकलूजच्या पेठेंत तो मला एकदांही भेटला नाहीं. आणि ती पेठ मी लहानपणापासून पाहत आलों आहें. कारण माझ्या मामांचें तेथें कापडाचें दुकान होतें, व शाळेच्या सुट्या मीं त्यांच्या गादीवर घड्या घालण्यांत घालविल्या आहेत.

अकलूज हें माळशिरस तालुक्यांतलें, नीरेच्या कांठचें गांव. सोलापूर जिल्हा पावसाला पारखा. परंतु नीरेच्या उजव्या कालव्याचें पाणी आलें आणि या पट्ट्यांत ऊस उभा राहिला. शेजारीं माळीनगरला सासवडच्या माळी शेतकऱ्यांनीं १९३२ सालीं स्वतःचा साखर कारखाना काढला. पुढें अकलूजला सहकारी कारखाना झाला. ऊस आला तसा रोकड पैसा आला, आणि पैशामागोमाग पेठ वाढली. गिऱ्हाइकाचें मन कसें चालतें हें पाहण्यासाठीं मुंबईच्या मोठ्या दुकानांत जाण्याचें कारण नाहीं. लग्नसराईंत अकलूजच्या एखाद्या कापडदुकानांत एक दिवस बसलें तरी पुरे.

लग्नाच्या कापडखरेदीला आमच्याकडे बस्ता म्हणतात. बस्त्याला वधूचा बाप एकटा येत नाहीं. पूर्वीं बैलगाड्या येत, मग ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आल्या, आतां जीपगाड्या येतात. पण त्यांतून उतरणारी मंडळी तीच. वधूचे आईबाप, चुलते, चुलत्या, मामा, आत्या, थोरली बहीण व तिचा नवरा. वराकडील तितकींच माणसें. आणि दोन्ही पक्षांना संभाळून बोलणारा, सोयरीक जुळविणारा मध्यस्थ. गादीवर बसल्यावर आधीं चहा, मग पाणी, मग पुन्हां चहा, आणि मग कापडाला हात.

या खरेदीचे तीन ढीग पडतात. पहिला नवरानवरीच्या अंगावर चढणाऱ्या वस्त्रांचा. दुसरा मानाच्या साड्यांचा. म्हणजे वरमाय, नवऱ्याची आजी, आत्या, मामी, करवली यांना नेसवावयाच्या. तिसरा देण्याघेण्याचा. हा तिसरा ढीग परगांवच्या माणसाला कदाचित् समजणार नाहीं. देण्याघेण्याची साडी ही नेसण्यासाठीं विणलेलीच नसते. ती एका घरांतून दुसऱ्या घरीं, तेथून तिसऱ्या घरीं अशी लग्नालग्नांतून फिरते. पुरुषांसाठीं तिची जागा टॉवेल-टोपी घेते. ज्या सोलापूरच्या टॉवेलांनीं दूरदूरच्या देशांतलीं माणसें अंग कोरडें करतात, त्याच सोलापूर जिल्ह्यांत टॉवेलाची एक जात अशी आहे कीं तिला पाणी म्हणून लागत नाहीं.

मामांच्या गादीवर बसून मीं एक गोष्ट टिपून ठेवली होती. कोणत्या ढिगाला किती वेळ लागतो हें किंमतीवर ठरत नाहीं. नवरीचा शालू सर्वांत महाग. पण तो दोनचार साड्या उलगडून पसंत होतो, आणि पुष्कळदां नवरीला सर्वांच्या शेवटीं विचारतात. देण्याघेण्याच्या साड्या तर डझनावारी उचलल्या जातात. त्यांचा कांठ कोणी पाहत नाहीं. सगळा दिवस खातो तो मधला ढीग. वरमायेची साडी आणि आत्याची साडी यांत अंतर किती असावें? मामीची साडी आत्याहून चढ झाली तर कोण रुसेल? आजीला नऊवारी, पण तिचा पोत करवलीच्या सहावारीहून हलका दिसतां कामा नये. येथें हातानें पोत पाहिला जातो, दिव्याखालीं रंग पाहिला जातो, पदर उलगडून समोरच्या बाईच्या खांद्यावर टाकून पाहिला जातो. जितके डोळे त्या साडीवर पडणार, तितका तिला वेळ.

मामा शाळा चौथीपर्यंत शिकलेले होते. परंतु हल्लीं मोठमोठ्या विद्यापीठांत जें मानसशास्त्र शिकवितात त्यांतलें बरेंचसें त्यांना तोंडपाठ होतें. ते गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारीत तो भावाचा नसे. ते विचारीत, "तुमच्या भावकींत मागचं लग्न कुणाच्यात झालं?" उत्तर मिळालें कीं त्यांना त्या घराचा खर्चाचा अंदाज कळे. "ही साडी चांगली आहे" असें वाक्य मीं त्यांच्या तोंडून ऐकलें नाहीं. ते इतकेंच म्हणत, "अमक्या गांवच्या पाटलांच्यात हीच गेली." शिवाय त्यांचा शिरस्ता असा कीं प्रथम एक भारी साडी उलगडून ठेवावयाची आणि ती तशीच राहूं द्यावयाची. ती कोणी घेणार नाहीं हें त्यांनाही ठाऊक असे. पण तिच्या शेजारीं पुढची प्रत्येक साडी स्वस्त वाटूं लागे. शेवटीं उठतांना एक खण वर फुकट. तो खण गिऱ्हाईक घरीं सगळ्यांना दाखवी; घासाघीस करून वाचविलेल्या रकमेपेक्षां त्याचें कौतुक अधिक होई.

आतां एक प्रसंग सांगतों. मी नुकताच नोकरीला लागलों होतों आणि अर्थशास्त्राची पदवी ताजी होती. एक ओळखीचा कोरडवाहू शेतकरी मुलीचा बस्ता बांधावयास आला. त्यानें त्यासाठीं हातउसनें काढलें होतें हें मला माहीत होतें. वरमायेसाठीं तो जी साडी धरून बसला होता ती त्याच्या ऐपतीबाहेरची होती. मीं त्याला बाजूला घेऊन सांगितलें कीं, याच रंगाची, याच कांठाची हलकी साडी हजार रुपयांनीं कमी आहे, ती घ्या. नेसल्यावर फरक कळणारही नाहीं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "सर, तुमचं बरूबर हाय. पन ती साडी म्या न्हाई नेसायची, आन् माझ्या बायकूनंबी न्हाई. ती नेसणार पोरीची सासू. हलकी दिली तर माझं हजार रुपये वाचत्याल, पन बोलणी पोरीला बसत्याल. ती किती साल बसत्याल त्येचा तेवढा हिशेब मला मांडून द्या."

मला तो मांडतां आला नाहीं. त्यानें भारी साडी घेतली.

थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १८९९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत असें दाखविलें कीं, धनिक माणसाचा पुष्कळसा खर्च हा सुखासाठीं नसून दुसऱ्यांनीं तो पाहावा यासाठीं असतो. अकलूजला याचें उदाहरण शोधावयास दूर जावें लागत नाहीं. १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभीं येथें झालेलें एक विवाहभोजन लोक अजून 'लक्षभोजन' या नांवानें ओळखतात, आणि त्यावर महाराष्ट्रभर टीका झाली होती. परंतु व्हेब्लेनचा सिद्धान्त त्या कोरडवाहू शेतकऱ्याला लावूं गेलों तर तो अंगावर बसत नाहीं. तो मिरवीत नव्हता. तो भीत होता. बाहेरून दोन्ही खर्च सारखेच दिसतात, आणि उपदेश करणारे लोक दोघांनाही एकच उपदेश करतात.

हा उपदेश फार जुना आहे. १८७५ सालच्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांत सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या वह्या व खतें जाळलीं आणि दंग्याचें लोण आसपास पसरलें. तेव्हां कुणबी कर्जांत बुडतो तो लग्नांच्या उधळपट्टीमुळें, असें सुशिक्षितांचें व साहेबांचें ठाम मत होतें. परंतु सरकारनेंच नेमलेल्या दंगा-कमिशननें चौकशी करून लिहिलें कीं, लग्नखर्चाला कर्जाचें कारण म्हणून वाजवीपेक्षां अधिक महत्त्व दिलें गेलें आहे. रयतेच्या साधनांच्या मानानें तो खर्च मोठा दिसला तरी असे प्रसंग क्वचित् येतात, आणि वर्षानुवर्षांची सरासरी धरली तर इतकें सुख त्या माणसानें भोगूं नये असें म्हणतां येणार नाहीं. सारा, बीं-बियाणें, बैल आणि पोट यांचा भार त्याहून नियमित पडतो. हें मत मला मोलाचें वाटतें, कारण तें गिऱ्हाइकाला मूर्ख ठरवीत नाहीं. अर्थात् आजचीं लग्नें पाहिलीं असतीं तर कमिशननें वाक्य थोडें बदललें असतें कीं काय, कोण जाणे.

आतां पैशाकडे वळूं. रुपया हा रुपयाच, असें ग्रंथ सांगतात. ऊसकरी घरांत मात्र रुपयाला नांवें असतात. उसाचे पैसे कारखान्याकडून येतात. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश म्हणतो कीं ऊस पोंचल्यापासून १४ दिवसांत किंमत द्यावी. प्रत्यक्षांत ती पुष्कळदां हप्त्याहप्त्यानें पडते. ही रक्कम एकदम व मोठी येते. तिला 'बिल' म्हणतात, आणि बिल हें पुरुषाच्या खात्यावर पडतें. उलट दुधाचे पैसे दर दहा दिवसांनीं थोडेथोडे येतात. म्हैस संभाळते घरची बाई, आणि त्या पैशांतून मीठमिरची, मुलांच्या वह्या, डॉक्टरचें औषध भागतें. एकाच घरांत उसाच्या बिलांतून मोटारसायकल येते आणि त्याच आठवड्यांत दुधाच्या पैशांतून शाळेची फी पुरत नाहीं म्हणून ती थांबते. मोटारसायकलीच्या पैशांतून फी भरावी हें कोणाच्या मनांतही येत नाहीं. रिचर्ड थेलर यांनीं १९८५ सालीं माणसाच्या मनांतील या निरनिराळ्या खात्यांवर निबंध लिहिला. २०१७ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. अकलूजच्या किराणा दुकानदाराला हा शोध नवा वाटला नसता. त्याच्या वहींत उधारी लिहितांना तो एवढेंच विचारतो, "ह्ये बिलावर का दुधावर?"

या नांवें पाडण्याला नुसती भूल समजण्याची चूक करूं नये. साडेतीन मुहूर्तांपैकीं एखाद्या मुहूर्तावर शेतकऱ्याची बायको बिलांतून मागून घेऊन सोन्याचे चार मणी करते. सोनाराच्या दुकानांत त्या दिवशीं पाय ठेवावयास जागा नसते. भाव तोलून पाहण्याची ती वेळच नव्हे. पण बाई काय करते आहे तें पाहा. हातांत राहिलेला पैसा भाच्याच्या मागणीला, दिराच्या अडचणीला, नवऱ्याच्या लहरीला उघडा असतो. गळ्यांतलें सोनें मागण्याची कोणाची छाती होत नाहीं. मुहूर्त हा तिला नवऱ्यासमोर उभें राहावयास मिळालेला आधार आहे.

दिवाळीच्या सुमारास अकलूजला बाजार समितीच्या आवारांत घोड्यांचा बाजार भरतो. पंजाब, राजस्थान, गुजरात येथून व्यापारी जनावरें घेऊन येतात, आणि हौशी मंडळी पुण्या-मुंबईहून पाहावयास येतात. घोडा पाहणारा माणूस प्रथम त्याची चाल पाहील, दांत पाहील अशी आपली कल्पना असते. तें तो पाहतोच. पण त्याआधीं तो घोड्याच्या अंगावरचे भोंवरे मोजतो. गळ्याखालीं देवमण असेल तर घोडा घराला बरकत आणतो. चारी पाय व तोंड पांढरें असलेला पंचकल्याण हा शुभ. कांहीं भोंवरे मात्र असे अशुभ कीं जनावर कितीही देखणें असलें तरी गिऱ्हाईक दावें सोडून पुढें जातें. एकदां एका शिकलेल्या, विज्ञान विषय शिकविणाऱ्या गृहस्थांना मीं विचारलें, "तुमचा या भोंवऱ्यांवर विश्वास आहे?" ते हंसून म्हणाले, "माझा मुळींच नाहीं. पण उद्यां मला हा घोडा विकावयाचा झाला तर घेणाऱ्याचा असेल ना!"

जॉन मेनार्ड केन्स यांनीं १९३६ सालच्या आपल्या ग्रंथांत शेअरबाजाराची तुलना वर्तमानपत्रांतल्या सौंदर्यस्पर्धेशीं केली होती. बक्षीस मिळवावयाचें तर सुंदर मुखडा कोणता हें ठरवून चालत नाहीं; इतर लोक कोणता मुखडा सुंदर ठरवितील हें ओळखावें लागतें. त्या गृहस्थांनीं घोड्याच्या गळ्याशीं हात नेऊन हेंच सांगितलें. एकाही माणसाचा भोंवऱ्यावर विश्वास उरला नाहीं, तरी दुसऱ्याचा असेल या समजुतीवर देवमणाची किंमत टिकून राहूं शकते. वरमायेच्या साडीचेंही तेंच आहे. पुष्कळ वरमायांना मीं खासगींत म्हणतांना ऐकलें आहे कीं, मला भारी साडीची हौस नाहीं, पण जावा काय म्हणतील!

मामांच्या वेळीं हें 'काय म्हणतील' भावकीपुरतें व पंचक्रोशीपुरतें होतें. आतां तें खिशांत आलें आहे. हातांतल्या फोनवर मुलगी कोठल्या तरी नटीच्या लग्नांतला घागरा पाहते व तसाच मागते. जिची जाऊ कधीं भेटणार नाहीं अशा बाईशीं तिची आतां तुलना आहे. २०१६ पासून फोनवरून पैसे देण्याची सोय झाली. नोट मोजून देतांना हाताला जो क्षणभर चटका बसतो तो त्यांत बसत नाहीं. आणि हप्त्यांवर वस्तु मिळूं लागल्यापासून पूर्ण किंमत ऐकण्याचा प्रसंगही टळला. दुकानांतला पोऱ्या "महिन्याला एवढेच" असें सांगतो. उसाचें बिल वर्षाकांठीं, हप्ता मात्र दर महिन्याला, हें गणित कोठें चुकतें तें पांचव्या महिन्यांत कळतें.

मग यावर उपाय काय, असें श्रोते विचारतील. एकट्या माणसाला सांगून यांत फारसें घडत नाहीं, एवढें मी अनुभवानें सांगूं शकतों. एकट्यानें खर्च कमी केला कीं लोक त्याला कंजूष म्हणतात किंवा कंगाल म्हणतात. आणि सोयरिकीच्या बाजारांत दोन्ही शब्द महाग पडतात. सगळ्यांनीं मिळून कमी केला तर त्याचा कोणी कांहीं अर्थच लावीत नाहीं. महात्मा फुले यांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षाच्या २५ डिसेंबरला समाजाच्या पद्धतीनें पहिलें साधें लग्न लावलें. त्या जोडप्याच्या पाठीशीं एक समाज उभा होता, म्हणून त्या साधेपणाला तत्त्व म्हणतां आलें. सामुदायिक विवाहांत एका मांडवांत अनेक जोडपीं उभीं राहतात तेव्हांही हेंच घडतें: शेजारच्या जोडप्याची साडी आपल्यासारखीच असते, आणि मधला ढीग मुळीं पडतच नाहीं.

मीं स्वतः हा प्रयोग एकट्यानें करून पाहिला व फसलों. मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेवर मीं ठळक अक्षरांत छापलें, 'कृपया आहेर आणूं नये.' बहुतेकांनीं तें मानलें. माझी थोरली बहीण मात्र शालीखालीं एक पिशवी घेऊन आली. परिस्थितीनें ती आयुष्यभर ओढलेली. मीं पिशवी घेईना तेव्हां ती मांडवाच्या मागल्या बाजूस मला घेऊन गेली आणि म्हणाली, "माझ्या पोरांच्या लग्नांत तूं भरभरून केलंस, तेव्हां माझ्या हातांत कांहीं नव्हतं. आतां थोरला मिळवतो आहे. आज कुठं देण्याइतकी झालें, तर तूं दार लावून घेतोस?" मीं पिशवी घेतली. आहेर बंद करतांना मीं फक्त घेणाऱ्यांचा विचार केला होता. देण्यानेंच ज्यांना बरोबरीनें बसतां येतें त्यांचा केला नव्हता.

आणि एक गंमत सांगून थांबतों. त्याआधीं मुलाच्या लग्नांत मीं हट्टानें देण्याघेण्याचे टॉवेल न घेतां सोलापूरचे चांगले, जाड टॉवेल वांटले होते; लोकांनीं ते वापरावे ही इच्छा. मामांच्या दुकानाची शाईची खूण प्रत्येकाच्या कोपऱ्यावर होती. चार वर्षांनीं वेळापूरला एका लग्नांत मला टॉवेल-टोपी मिळाली. घरीं येऊन पाहतों तों कोपऱ्यावर तीच खूण. घडीसुद्धां मोडलेली नव्हती. मीं तो न्हाणीघरांत नेऊन ठेवला. संध्याकाळीं पाहिलें तर तो तेथें नव्हता. पत्नीला विचारलें. ती म्हणाली, "पेटींत ठेवला आहे. पुढच्या महिन्यांत नातेपुत्याला लग्न आहे ना?"